ओठ जुळवताना

लिफ्ट बंद आहे हे सांगायला मी खाली पळालो
तोवर ती दुसऱ्या मजल्यावर पोचली होती,
दाराच्या फटीत धरून अक्रोड फोडत होती.
"दमले नाही," म्हणाली, "एन्ट्रीआधी थांबलेय."

लामारा गेलोवानी, वय शहात्तर.
माझ्या आईच्या पिढीला तिचा चेहरा पाठ,
आवाज मात्र मॉस्कोतल्या कुणा बाईचा.
तेव्हा तसंच होतं. डोंगर आमचे, माणसं आमची,
पण सिनेमा व्लादिवोस्तोकला पोचायचा तर
ओठांवर दुसरी भाषा बसवायची.
ती बाई हिला कधी भेटली नाही.
"एकदा नववर्षाला तिला चुर्चखेला पाठवली.
पोच आली: घसा बसलाय, तुमच्या रडण्यानं."

आता मूळ आवाजाची रिळं सापडत नाहीत.
तळघरात पाणी शिरलं म्हणे,
किंवा त्या अंधाऱ्या हिवाळ्यात कुणी शेकोटीला घातली.
चित्र उरलं, आणि मॉस्को उरलं.
म्हणून तिला बोलावलं,
तेवीस वर्षांच्या स्वतःला आवाज द्यायला.

मी दिवा घालवला. घागर घेतलेली एक मुलगी वळली.
हेडफोनमध्ये हिचं कर्णफूल अडकलं.
पहिलं वाक्य लवकर पडलं, दुसरं उशिरा.
"काय भरभर बोलते ही! वेळ आहे म्हणून
कुणी सांगितलं नाही का हिला?"
मग हसली. "सांगितलं होतं."
मी म्हणालो, मशीनवर आवाज तरुण करता येतो.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की ते बटण मी अजून दाबलेलं नाही.

चहाच्या वेळी तिनं हिशेब मांडला, भाजीवालीसारखा:
"अकरा वर्षं प्रेयसी. दोन वर्षं गरोदर.
आठ वर्षं आई, त्यात एक मुलगा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.
मग स्टुडिओला कुलूप, नऊ वर्षं मी कुणाचीच कुणी नाही.
मफलरी विणून पुलाखाली विकल्या.
नाटक तेवढं चालू होतं. वीज नव्हती,
प्रेक्षक घरून कंदील आणायचे,
तिसरी घंटा झाली की आपापली वात मोठी करायचे.
तसा उजेड पुढे कुठल्या दिग्दर्शकानं दिला नाही मला.
आता आजी. आज्यांना संहितेत नाव नसतं.
गेल्या महिन्यात प्रेत होते, परदेशी सिनेमात.
पैसे बरे. श्वास तेवढा धरायचा."

शेवटचा प्रसंग स्टेशनवरचा. खिडकीत बोंदो,
ज्याच्या मातीला ती स्वतः गेली होती.
संहितेत आहे: मी वाट पाहीन.
मॉस्कोची बाई तेच म्हणते, हुंदक्यासकट.
पण ओठ जुळेनात. आठ वेळा मागे गेलो.
मग आवाज बंद करायला लावून ती उठली,
चष्मा काढून पडद्याला नाक टेकेल इतकी जवळ,
आणि त्या पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"अगं बाई," म्हणाली. "मी म्हणतेय,
बोंदो, बूट चावतोय, मेल्या, गाडी हलव."

त्या ओठांकडे पाहून माझी आई रडली होती.
आजीही. लष्करात गेलेला मामाही.

कालबातोनो, आता काय करू?
"लाव," म्हणाली.
आणि जे ओठांवर होतं तेच बोलली,
बूट, मेल्या, गाडी, सगळं,
एकही अक्षर पुढेमागे नाही.
काचेपलीकडे मी डोळे पुसत होतो
आणि मला कळेना, बुटात असं काय होतं.

संहितेतलं वाक्यही नंतर दिलं तिनं, पर्याय म्हणून.
"कुठलं ठेवायचं ते तुमच्या साहेबांना विचारा.
मला सातचा प्रयोग आहे. दुसऱ्या अंकात दोन वाक्यं."

स्टुडिओचं दार तेव्हापासून नीट लागत नाही,
बिजागरीत टरफल अडकलंय.
रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज येतो, लोक तक्रार करतात.
काढतो म्हणतो मी, उद्या.